ओजिमे आणि जपानचे चितारलेले मातीचे मणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी मण्यांबद्दल विचारणारे साधारण दोन प्रकारचे असतात. एकाला ऑनलाइन कुठेतरी सोनेरी रेघांचा, फुलाफुलांचा ‘सात्सुमा मणी’ दिसलेला असतो आणि तो खरोखर जुना आहे का, हे त्याला हवं असतं. दुसऱ्यानं एखाद्या संग्रहालयात नेत्सुके, म्हणजे कमरेच्या दोरीला अडकवायचे कोरीव गट्टू, पाहताना दोरीवर मध्येच बसलेला एक लहान मणी पाहिलेला असतो, पण फलकावर त्याच्याबद्दल एक अक्षरही नसतं. दोघांनाही माझा सल्ला एकच: चित्र नंतर बघा, आधी मण्याचं भोक बघा.

ओजिमे म्हणजे नेमकं काय?

दोरीवर सरकणारा, दोरी आवळून धरणारा मणी. एदो काळात (१६०३ ते १८६८) जपानी पुरुष औषधांची डबी, तंबाखूची पिशवी, पैशांची थैली अशा वस्तू रेशमी दोरीनं कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे ओबीला, लटकवत. दोरी ओबीमागून वर काढायची आणि ती खाली घसरू नये म्हणून वरच्या टोकाला एक कोरीव गट्टू अडकवायचा. तो नेत्सुके. खाली लटकते ती डबी किंवा पिशवी. या दोहोंच्या मध्ये असतो तो ओजिमे. तो खाली ओढला की डबीचं तोंड घट्ट बसतं, वर सरकवला की डबी उघडता येते.

आपल्याकडे पानतंबाखूच्या चंचीला आवळायची दोरी असायची, तेच हे काम. फक्त इथे गाठीऐवजी मणी आहे, आणि त्या मण्यावर एखाद्या कलावंतानं बरेच दिवस घालवलेले असू शकतात.

त्यांच्या कपड्यांना खिसे नव्हते का?

शिवलेले खिसे नव्हते. रुमाल, कागद अशा हलक्या वस्तू किमोनोच्या बाहीत किंवा छातीवरच्या घडीत राहत. जड किंवा वारंवार लागणारी वस्तू मात्र कमरेलाच बरी. त्यातून सोळाव्या शतकाच्या शेवटी जपानमध्ये तंबाखू आली, ओढण्याचं वेड पसरलं, आणि चिलीम व पिशवी अंगावर बाळगणं भागच झालं.

आणखीही एक कारण होतं. शोगुनशाहीत, म्हणजे लष्करी सत्ताधीशांच्या त्या राजवटीत, कोणी काय नेसावं यावर वेळोवेळी बंधनं घातली जात. पैसा व्यापाऱ्यांच्या हातात, पण भारी रेशीम मिरवायची मोकळीक नाही. मग तो पैसा कमरेच्या इंचभर वस्तूत गेला. दुरून पाहणाऱ्याला साधी दोरी दिसायची, जवळ आलेल्याला मात्र समोरच्याची ऐपत आणि आवड दोन्ही कळायची.

दोरी ओवतात तरी कशी?

हे समजून घ्या, कारण पुढे खरं-खोटं ओळखताना इथेच यावं लागणार आहे. औषधांच्या डबीला इनरो म्हणतात. एकावर एक बसणाऱ्या तीन, चार किंवा पाच कप्प्यांची, लाखेच्या लुकणाची चपटी डबी. एकच दोरी तिच्या एका कडेच्या पोकळीतून खाली जाते, तळाखालून फिरते आणि दुसऱ्या कडेनं वर येते. वर आलेली दोन्ही टोकं एकत्र ओजिमेतून जातात, पुढे नेत्सुकेच्या भोकांत शिरतात, आणि तिथली गाठ नेत्सुकेच्या मोठ्या भोकात लपवतात.

म्हणजे ओजिमेच्या भोकातून दोरीचे दोन पदर जातात. भोक फार मोठं असेल तर मणी आपोआप घसरतो आणि डबी उघडते. फार लहान असेल तर तो हलतच नाही. मधलं माप साधणं हे मणी करणाऱ्याचं पहिलं काम, चित्र त्यानंतरचं.

मग जपानी लोक मण्यांच्या माळा घालत नव्हते?

फार पूर्वी घालत होते. जोमोन काळापासून, म्हणजे प्रागैतिहासिक काळापासून, दगडाचे आणि भाजलेल्या मातीचे मणी सापडतात. स्वल्पविरामासारख्या वाकड्या आकाराचे ‘मागातामा’ तर प्रसिद्धच आहेत, आणि त्यातल्या उत्तम हिरव्या जेडचा दगड निइगाता प्रांतातल्या इतोइगावाच्या परिसरातला असतो. कोफुन काळातल्या (साधारण तिसरं ते सहावं शतक) थडग्यांवर ठेवलेल्या ‘हानिवा’ या मातीच्या मूर्तींच्या गळ्यातही माळा दिसतात.

आणि मग साधारण सातव्या-आठव्या शतकापासून गळ्यातल्या, कानातल्या, बोटातल्या दागिन्यांची चाल जवळजवळ नाहीशी होते ती थेट मेइजी काळापर्यंत (१८६८ ते १९१२). हजार वर्षांहून जास्त. केसांतले काटे आणि कंगवे राहिले, पण हार नाहीत, कर्णफुलं नाहीत. का, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. लग्नात नवरीच्या अंगावर किती तोळे, हा विषय ज्यांच्या घरात महिनाभर चालतो त्यांना हे पचायला जड जातं खरं. पण त्यामुळेच एदो काळात मणी गळ्यात न दिसता कमरेच्या दोरीवर दिसतो. अपवाद उत्तरेकडच्या आइनू लोकांचा. त्यांच्या बायका मोठ्या काचमण्यांच्या ‘तामासाइ’ नावाच्या माळा घालत आणि ते मणी व्यापारातून आलेले असत.

सगळे ओजिमे मातीचे असत का?

अजिबात नाही. पोवळं, अकीक, काच, हस्तिदंत, शिंग, लाकूड, फळांच्या कोया, लाख, धातू असं सगळं चाले. सुरुवातीचे ओजिमे बहुतेक साधे, गोल, रंगीत दगडाचे किंवा पोवळ्याचे असत. कोरीव आणि चितारलेले मणी प्रामुख्यानं एकोणिसाव्या शतकातले. धातूच्या ओजिमेंना तर एका सरकारी हुकमानं बहर आला असं म्हणता येईल. १८७६ मध्ये सामुराईंना तलवार बाळगायला बंदी झाली, तलवारीच्या मुठी आणि मुठीपुढच्या संरक्षक चकत्या घडवणारे कारागीर रिकामे झाले, आणि त्यातले कित्येक लहान शोभेच्या वस्तूंकडे वळले.

मातीचे ओजिमे त्या मानानं थोडे. कारण उघड आहे: चालताना मणी डबीवर आपटतो आणि चिनी मातीची कड उडते. तरीही ते केले गेले, कारण पांढऱ्या झिलईवर, म्हणजे मातीवरच्या काचेसारख्या लेपावर, निळा किंवा सोनेरी रंग जसा उठतो तसा दुसऱ्या कशावर उठत नाही.

हे मणी कोणत्या भागातले?

मुख्य नावं चार आहेत: आरिता, मिकावाची, क्योतो आणि सात्सुमा. काम बारीक असल्यामुळे मणी हा कुठल्याच भट्टीचा मुख्य माल नव्हता. वाट्या, बुधल्या, फुलदाण्या करणारेच अधूनमधून मणी करत.

क्यूशू बेटावरचं आरिता हे जपानी पोर्सेलीनचं, म्हणजे कडक आचेवर भाजलेल्या पांढऱ्या चिनी मातीचं, माहेर. १६१६ च्या सुमारास तिथल्या इझुमियामा डोंगरात पोर्सेलीनला योग्य दगड सापडला, असं परंपरा सांगते, आणि त्याचं श्रेय कोरियातून आणलेल्या यी साम-प्योंग या कुंभाराला दिलं जातं. जवळच्या इमारी बंदरातून माल जाई म्हणून जगभर त्याला इमारी हेच नाव पडलं.

मिकावाची हे आजच्या सासेबो शहरातलं. हिरादोच्या मात्सुरा सरदार घराण्याच्या आश्रयामुळे तिथल्या मालाला हिरादो म्हणतात. अतिशय पांढरी, गुळगुळीत माती आणि तिच्यावर कोबाल्टची मऊ निळाई. पाइनच्या झाडाखाली खेळणारी चिनी मुलं, म्हणजे ‘काराको’, ही या भट्ट्यांची ओळख. पोर्सेलीनचे नेत्सुकेही इथे होत. मला विचाराल तर चितारलेल्या मण्यांमध्ये हिरादोची निळाई सर्वांत सुंदर, पण सगळे धावतात सोन्यामागे.

क्योतोत आवाता आणि कियोमिझु या परिसरांतली रंगीत एनॅमलची, म्हणजे झिलईवर भाजून पक्क्या केलेल्या काचेरी रंगांची, परंपरा होती. सात्सुमासाठी वेगळा प्रश्नच हवा.

सात्सुमा म्हणजे काय आणि त्याचा एवढा गाजावाजा का?

सात्सुमा म्हणजे क्यूशूच्या दक्षिण टोकाचा, आजच्या कागोशिमातला प्रदेश. तिथल्या शिमाझु योशिहिरो या सरदारानं सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या कोरियावरील स्वाऱ्यांनंतर कोरियन कुंभार आणून वसवले. त्यांतली नाएशिरोगावा ही वस्ती विशेष गाजली. रोजच्या वापराची काळी सात्सुमा आणि सरदारांसाठीची पांढरी, असे दोन प्रकार. पांढरी म्हणजे खरं तर सायीच्या रंगाची. झिलई मातीपेक्षा जास्त आक्रसते, त्यामुळे थंड होताना तिच्यावर बारीक भेगांचं जाळं पडतं. हा दोष नव्हे, तीच तिची शोभा.

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात सात्सुमानं आपला माल स्वतंत्रपणे मांडला. पुढे १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात जपान सरकार उतरलं, आणि युरोप-अमेरिकेत सोनेरी सात्सुमाची लाटच आली. मागणी एवढी की क्योतो, ओसाका, योकोहामा, तोक्यो इथेही ‘सात्सुमा’ रंगवली जाऊ लागली. ओसाकाचे याबू मेइझान (१८५३ ते १९३४) हे त्यातलं मोठं नाव. कोरी भांडी बाहेरून घ्यायची आणि आपल्या कारखान्यात चितारायची, ही त्यांची पद्धत. शेकडो फुलपाखरं किंवा माणसांची गर्दी एका वाटीत बसवण्यासाठी ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या नक्षीवरून बाह्यरेषा उतरवून घेत आणि मग हातानं रंग भरत.

सांगायचा मुद्दा हा की ‘सात्सुमा’ ही गावाची खूण राहिली नाही, ती एक शैली झाली. त्यामुळे ‘हा मणी सात्सुमा आहे’ एवढं सांगून विक्रेत्यानं जवळजवळ काहीच सांगितलेलं नसतं. याच लाटेत परदेशी बायकांच्या झग्यांसाठी सात्सुमा बटणंही झाली, आणि आज मणी म्हणून दाखवलं जाणारं काही मुळात बटण असतं. मागे अडकवायची कडी किंवा तिची खूण शोधा.

एवढ्याशा गोळ्यावर चित्र काढतात कसं?

ओजिमे साधारण एक ते दोन सेंटिमीटरचा. माती ओली किंवा अर्धवट वाळलेली असतानाच भोक पाडतात, कारण भाजल्यावर ते काम फार कठीण. पोर्सेलीन वाळताना आणि भाजताना मिळून दहा टक्क्यांहून जास्त आक्रसू शकतं, म्हणून भोक आधीच मोठं ठेवावं लागतं.

मग क्रम असा. निळी नक्षी हवी असेल तर ती पहिल्या हलक्या भाजणीनंतर कोबाल्टनं काढतात, वरून झिलई चढवतात आणि पोर्सेलीन १,३०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजतात. लाल, हिरवे, पिवळे एनॅमल एवढी आच सोसत नाहीत. ते झिलईवर काढून ७५० ते ८५० अंशांच्या दरम्यान पुन्हा भाजतात. सोनं सर्वांत शेवटी, आणखी मंद आचेवर. भट्टीतून निघालेलं सोनं मंद दिसतं, ते घासून उजळावं लागतं. एका मण्याला तीन-चार वेळा भट्टी लागते आणि दर वेळी तडकण्याची भीती असते.

मण्याची खरी अडचण आणखी वेगळी. वाटीला बूड असतं, तिथली झिलई पुसून ती भट्टीत ठेवता येते. मण्याला बूड नसतं. वितळलेली झिलई ज्याला टेकेल त्याला चिकटते. म्हणून एक तर भोकाची कड कोरी ठेवून मणी तिथे टेकवायचा, नाही तर भोकातून आधार घालून तो अधांतरी भाजायचा. भोकाभोवती झिलई नसलेली खडबडीत कड दिसली तर नाक मुरडू नका. ती भाजणीची खूण आहे.

चित्रांचे विषय कोणते?

शेवंती, पाउलोनिया, पिओनी, लाटा, क्रौंच पक्षी, काराको, बुद्धाचे अर्हत शिष्य (जपानीत ‘राकान’), आणि सात भाग्यदेवता. या सातांपैकी तीन आपल्या ओळखीच्या आहेत. वीणेसारखं बिवा वाजवणारी बेन्झाइतेन ही सरस्वती, चिलखतातला बिशामोनतेन हा वैश्रवण म्हणजे कुबेर, आणि तांदळाच्या पोत्यांवर बसलेला हसरा दाइकोकुतेन हा मुळात महाकाल. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जाताना महाकालाचा उग्रपणा कुठे गळून पडला कोण जाणे, पण जपानात पोचेपर्यंत तो स्वयंपाकघरात मानाचा देव झाला.

चांगल्या संचात तिन्ही वस्तूंचा विषय जुळवलेला असे. इनरोवर लाटा, ओजिमेवर मासा, नेत्सुके कोळ्याचा. असा मूळ संच आज क्वचित मिळतो. पाश्चात्त्य संग्राहकांना नेत्सुके हवे होते, तेव्हा दोऱ्या कापल्या गेल्या, मणी सुटे झाले आणि नंतर विकताना कुठल्याही मण्याशी कुठलंही नेत्सुके जोडलं गेलं.

बौद्ध जपमाळेतले मणीही असेच असतात का?

जपानी ‘जुझु’मध्येही पूर्ण माळेचे १०८ मणी, हा हिशेब भारतातून गेलेला. पण ते मणी बहुधा लाकूड, बिया किंवा स्फटिकाचे असतात. चितारलेल्या मातीच्या मण्यांचा जुझु हा अलीकडचा प्रकार.

‘तोंबोदामा’ म्हणजे हेच का?

नाही, ते नक्षीदार काचमणी. तेही ओजिमे म्हणून वापरले जात, म्हणून गोंधळ होतो.

जुना आणि खरा ओजिमे ओळखायचा कसा?

पहिली परीक्षा भोकाची. दोरीचे दोन पदर सहज पण किंचित घासत जायला हवेत. त्यासाठी साधारण तीन मिलिमीटर किंवा जास्त रुंदी लागते. माळेच्या मण्याचं भोक एक-दोन मिलिमीटरचं असतं. भोक बारीक असेल तर मणी कितीही देखणा असो, तो दोरी आवळण्यासाठी केलेला नाही.

दुसरी परीक्षा झिजेची. वापरलेल्या मण्याची सोनेरी रेघ भोकाच्या कडेला आणि चिमटीत धरण्याच्या जागी आधी पुसट होते, खळग्यांत शिल्लक राहते. सोनं सगळीकडे सारखंच पुसलेलं असेल तर ते कुणीतरी मुद्दाम घासलं असण्याचा संभव जास्त. भेगांच्या जाळ्याचंही तसंच. काळानं आलेला मळ कमी-जास्त असतो, चहाच्या पाण्यात बुडवून आणलेला एकसारखा तपकिरी.

तिसरी परीक्षा भिंगाची. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे. हातानं काढलेल्या रेघेची जाडी बदलते, सुरुवातीला रंग जास्त साचतो, शेवटी विरळ होतो. छापील चित्रात ठिपक्यांची जाळी दिसते, किंवा पारदर्शक पापुद्र्याची कड.

तिन्हींत उतरलेला मणीही जुना असेलच असं नाही. वीस-तीस मणी हातात घेतल्याशिवाय नजर बसत नाही. म्हणून पहिली खरेदी स्वस्तातली आणि परत करता येईल अशा ठिकाणाहूनच करा.

ऑनलाइन पाचशे-हजार रुपयांना ‘सात्सुमा बीड्स’ मिळतात. ते काय असतं?

बहुतेक अलीकडचे चिनी पोर्सेलीनचे मणी. उठावदार सोनेरी बाह्यरेषा, आत भडक फुलं. दागिना म्हणून छान दिसतात आणि त्या भावात वाईट नाहीत. फक्त त्यांच्यापुढे ‘अँटिक’ लिहिलेलं मनावर घेऊ नका. ‘तेन्शा’ नावानं विकले जाणारे मणी वेगळे: त्यांच्यावर चित्र छापून चिकटवलेलं असतं.

मण्यावर वर्तुळात क्रॉसची खूण आहे. म्हणजे तो अस्सल सात्सुमा ना?

वर्तुळातला क्रॉस हे शिमाझु घराण्याचं चिन्ह. पण निर्यातीच्या काळात ते कुणीही काढत असे. कलावंताची सही असेल तर आनंद, पण एवढ्या लहान वस्तूवर ती नसणंही अगदी नेहमीचं. आणि मोठ्या नावाची सही असलेला मणी स्वस्तात मिळत असेल तर आधी सहीवरच शंका घ्या.

स्वच्छ कसा करायचा?

मऊ कोरड्या ब्रशनं. फारच मळला असेल तर ओलसर सुती फडक्यानं, सोनं टाळून. भेगांच्या झिलईचा मणी पाण्यात भिजत घालू नका, डाग आत उतरतात. चिंच, लिंबू, पितळ उजळायची पावडर, सोनाराकडचं कंपनांचं यंत्र, काहीही नको. आणि दोन मणी एकाच डबीत सुटे ठेवू नका.

मी हौशी कुंभार आहे. असा मणी करता येईल का?

येईल. तुमच्या मातीचं आक्रसण्याचं प्रमाण आधी मोजा. ते बारा टक्के असेल आणि भाजल्यावर चार मिलिमीटरचं भोक हवं असेल, तर ओल्या मातीत साधारण साडेचार मिलिमीटरचं पाडा. भोकाच्या दोन्ही कडा आतून गोल करा, नाही तर दोरी कापते. झिलई भोकात अजिबात जाऊ देऊ नका आणि मणी उष्णता सोसणाऱ्या तारेवर ओवून भाजा. तार जास्त तापमानाला वाकते, म्हणून लांब तारेवर दहा मणी घालण्याऐवजी आखूड तारेवर दोन-तीनच घाला. तयार मण्यातून दुहेरी रेशमी गोफ ओवून बघा. बोटानं सरकवला तर सरकायला हवा आणि सोडला तर जागचा हलता कामा नये.

प्रत्यक्ष पाहायला कुठे मिळतील?

जपानला जाणार असाल तर तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात नेत्सुकेंचा ताकामादो संग्रह आहे, क्योतोत सेइशू नेत्सुके संग्रहालय आहे, आणि मेइजी काळातल्या बारीक सात्सुमा कामासाठी क्योतोचंच कियोमिझु सान्नेनझाका संग्रहालय चुकवू नये. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्येही नेत्सुके-इनरोंचे मोठे संग्रह आहेत. दोघांच्या संकेतस्थळांवर मोठी छायाचित्रं विनामूल्य दिसतात. शोधताना फक्त ‘ओजिमे’ न टाकता ‘इनरो’ही टाका, कारण मण्याची नोंद बहुधा डबीच्या नावाखालीच केलेली असते.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रतन टाटा आणि दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी आणि जपानी वस्तू आहेत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही जपानी दालन आहे. जपानी झिलई आणि सोनेरी काम कसं असतं, याची नजर तयार करायला ही दोन्ही ठिकाणं उत्तम.

परदेशातून जुना ओजिमे मागवला तर कायद्याची अडचण येते का?

मातीच्या मण्याला वन्यजीव कायद्याची आडकाठी नाही, सीमाशुल्क काय ते भरावं लागेल. पण संच मागवत असाल तर नेत्सुके कशाचं आहे ते आधी विचारा. बरेच जुने नेत्सुके हस्तिदंती असतात. हस्तिदंताचा व्यापार भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली बंद आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या, संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या, कराराचे निर्बंध आहेत. वस्तू दीडशे वर्षं जुनी आहे, ही सबब इथे चालत नाही. विक्रेत्यानं ‘बोन’ म्हणजे हाड असं लिहिलं असेल, तरी जवळून काढलेली छायाचित्रं मागवा आणि शंका राहिली तर एकटा मणीच घ्या.